कानात शिट्टी वाजते, रात्री काय लावू: पंखा की मोबाइल?

जळगावच्या जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) कामाला असलेल्या भाच्याच्या कानात सतत शिट्टी वाजू लागलीय. ती कमी जाणवावी म्हणून झोपताना पंख्याचा आवाज पुरे, की मोबाइलवर पावसाचा लावू, असं विचारतो.

खर्च दोन्हींत किरकोळ. खानदेशी उन्हाळ्यात पंखा चालूच असतो. पण वीज गेली की शिट्टी एकदम मोठी वाटते, आणि डिसेंबरच्या थंडीत तो लावणार कोण? मोबाइलचा आवाज हवा तेवढा ठेवता येतो. तो शिट्टीहून किंचित कमीच ठेवावा, तिला पूर्ण झाकू नये. इअरफोन नको.

उन्हाळ्यात पंखा, थंडीत किंवा भारनियमनाच्या गावात मोबाइल. पण अचानक कमी ऐकू आलं, तर आधी त्याच दिवशी कानाचे डॉक्टर गाठ, बाळा.