पोस्टसीझन बंदी आली: थांबायचं की निघायचं?

अमेरिकेतल्या आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघावर पोस्टसीझन बंदी आली, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या स्पर्धांत खेळायला मनाई. ही बातमी आम्हाला सरावाच्या आधी कळली. मी दुसऱ्या वर्षाला होतो, पहिल्या पाचांत नव्हतो, आणि पुढचा हंगाम मार्च मॅडनेसविना, म्हणजे मार्चमधल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेविना, जाणार होता. आठवडाभरात सहाजणांनी ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकलं. मीही टाकणारच होतो.

शेवटच्या वर्षाला असाल तर निघणं मला पटतं. कनेक्टिकट विद्यापीठाच्या संघावर 2012-13 च्या हंगामासाठी खेळाडूंच्या अभ्यासातल्या कामगिरीवरून बंदी आली, तेव्हा अ‍ॅलेक्स ओरियाकीकडे एकच हंगाम उरला होता. तो मिझुरीला गेला, लगेच खेळला, आणि त्याला मार्चमधला सामनाही मिळाला. पण एकच, कारण कोलोरॅडो स्टेटने त्यांना पहिल्याच सामन्यात घरी पाठवलं. रॉस्को स्मिथ लास व्हेगासला गेला, त्याला मात्र वर्षभर बाहेर बसावं लागलं. आता तशी सक्ती राहिलेली नाही, म्हणून निघणं फार सोपं वाटतं.

कनेक्टिकटचाच शबाझ नेपियर थांबला. त्या वर्षी बिग ईस्टनेही, म्हणजे ते ज्या विद्यापीठांच्या गटात खेळायचे त्यानेही, त्यांना आपल्या स्पर्धेत घेतलं नाही, मार्चच्या सुरुवातीलाच हंगाम संपला. पुढच्या वर्षी, 7 एप्रिल 2014 ला, केंटकीला 60-54 ने हरवून ते विजेते झाले. त्यात 22 गुण नेपियरचे. प्रत्येक संघात नेपियर नसतो, हे मान्य. आणखी एक लक्षात घ्या: बंदी जाहीर झाली की लगेच लागू होतेच असं नाही. ओक्लाहोमा स्टेटवर जून 2020 मध्ये बंदी आली, पण अपील चालू असल्याने त्यांचा खेळाडू केड कनिंगहॅम 2021 ची स्पर्धा खेळला. फटका बसला तो पुढच्या हंगामातल्या मुलांना.

माझा निर्णय मात्र क्रेडिटवर, म्हणजे पास केलेल्या विषयांसाठी मिळणाऱ्या एककांवर, झाला. पोर्टलमध्ये नाव नसताना दुसरीकडच्या कोचशी बोलता येत नाही, म्हणून मी साधा विद्यार्थी म्हणून एका कॉलेजकडे विचारणा केली. माझ्याकडे 62 क्रेडिट होते. त्यांनी बहुतेक सगळे स्वीकारले, पण तिथल्या डिग्रीत धरले फक्त 41. बाकीचे ‘ऐच्छिक’ म्हणून बाजूला. तिसऱ्या वर्षी खेळायचं तर डिग्रीचा 40 टक्के भाग पूर्ण हवा, म्हणजे 120 पैकी 48. उरलेल्या सातसाठी उन्हाळ्यात स्वतःच्या पैशाने वर्ग करायचे, आणि त्यातला एक विषय मी आधीच उत्तम गुणांनी पास झालेला! दोन वर्षं पहाटेच्या सरावानंतर डोळे चोळत केलेला अभ्यास असा पुसला जाताना पाहून मला फार वाईट वाटलं. पोर्टलबद्दल सल्ला देणाऱ्या एकानेही हे सांगितलं नव्हतं.

शिवाय नाव टाकलं की जुनं कॉलेज सत्र संपल्यावर स्कॉलरशिप काढून घेऊ शकतं.

तुमचे विषय नीट जुळत असतील तर उत्तर वेगळं येऊ शकेल. मोठ्या संघातून खरंच बोलावणं येण्याइतका तुमचा खेळ असेल, तर तेव्हाही. मी थांबलो. आधी सामन्यामागे जेमतेम चार मिनिटं खेळायचो, बंदीच्या हंगामात वीसच्या आसपास खेळलो. डिग्री वेळेत झाली आणि एक हंगाम शिल्लक होता, तो मी दुसऱ्या कॉलेजात एमए करताना खेळलो. तिथे माझे जुने क्रेडिट कुणी मोजले नाहीत.