उभा करून ठेवलेला पॉप-अप कॅम्पर: माझी फसवणूक कशी झाली

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘संपूर्ण नव्यानं केलेला पॉप-अप कॅम्पर, गाडीला जोडा आणि निघा.’ पॉप-अप कॅम्पर म्हणजे गाडीमागे ओढायचं घडीचं घर, छत वर उचललं की आत राहता येतं, खाली घेतलं की बुटका ट्रेलर होतो. मला खरं तर जुनाच हवा होता, स्वतःच्या हातानं दुरुस्त करायला. पण अवघड काम कुणीतरी आधीच करून ठेवलंय, आपल्याला वरवरचं तेवढं करायचंय, असं वाटून मी बघायला गेलो.

मी पोचलो तेव्हा कॅम्पर उभा होता. छत वर, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढलेले, कॅनव्हासच्या खिडक्यांच्या चेन सताड उघड्या. आत फरशीवर नवं व्हिनाइल, कपाटांना पांढराशुभ्र रंग, नवे पडदे. आपण येणार म्हणून माणसानं सगळं मांडून ठेवलंय, याचं मला बरं वाटलं. प्रत्यक्षात ते छत त्याला माझ्यासमोर वर करायचंच नव्हतं. ते खालीसुद्धा त्यानंच घेतलं, मी घरात बसून कागदांवर सह्या करत होतो तेव्हा.

सोबत बहीण होती. तिनं आत शिरताच विचारलं, “हा कुबट वास कसला?” तो म्हणाला, “अहो, नवीन रंगाचा आहे, दोन दिवसांत जाईल.” नव्या रंगाला कुबट वास येत नाही. पण आणखी दोघे संध्याकाळी येणार आहेत, असं त्यानं सांगितलं आणि मी घाईघाईनं इसार देऊन टाकला. बहिणीचं ऐकायला हवं होतं.

दोन आठवड्यांनी मी पहिल्यांदा स्वतः छत उघडायला घेतलं. या कॅम्परमध्ये हँडल फिरवलं की विंच, म्हणजे तार गुंडाळणारा रहाट, एक मुख्य तार ओढते, तिच्यातून चार कोपऱ्यांच्या चार तारांना ताण बसतो आणि चारही खांब एकदमच वर सरकायला हवेत. माझा मागचा डावा कोपरा अर्ध्यावर अडला. छत तिरकं झालं, कॅनव्हासची शिवण ताणली गेली. खाली वाकून पाहिलं तर त्या कोपऱ्याच्या तारेचे निम्मे पदर तुटलेले, पुली गंजून घट्ट बसलेली. ती तार तुटली असती तर एवढं जड छत अंगावर आलं असतं. आता मी चारही कोपऱ्यांना लाकडाचे टेकू लावल्याशिवाय छताखाली हात घालत नाही. तुम्हीही घालू नका.

मग फरशी. दारापाशी पाय ठेवला की मऊ लागायचं. व्हिनाइलची कड उचलली आणि खालचं प्लायवूड हातात भुगा होऊन आलं. पाणी छताच्या कडेच्या सांध्यातून शिरलं होतं, भिंतीतून उतरत फरशीच्या कडेला साचलं होतं, आणि हे वर्षानुवर्षं चाललं असणार. त्यानं ते लाकूड बदललंच नव्हतं. खड्ड्यांत लांबी भरली, वर शीट चिकटवली. वरच्या सांध्यांवर जाडजूड सिलिकॉन फासलं होतं. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. सिलिकॉनवर दुसरं कुठलंही सीलंट, म्हणजे सांधे बुजवायचा मसाला, नीट धरत नाही. सांध्यावरची पट्टी काढून, जुना मसाला खरवडून, खाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी फीत) घालून पट्टी परत बसवायची, ही खरी रीत. मला आधी ते सिलिकॉन इंच इंच खरवडावं लागलं आणि त्यात कित्येक सुट्ट्या गेल्या.

टायर काळेभोर, नक्षी शाबूत. त्यांवर उत्पादनाचा जो आकडा असतो, त्याचे शेवटचे ४ अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. ३२०९ असेल तर २००९ सालचा ३२वा आठवडा. हा पूर्ण आकडा बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि माझ्या टायरांवर तो आतल्या बाजूला होता. गुडघे टेकून टॉर्च मारला असता तर तिथेच कळलं असतं, की टायर दहा वर्षांहून जुने आहेत. बराच काळ एकाच जागी उभ्या राहणाऱ्या ट्रेलरचे टायर बऱ्याचदा नक्षी झिजायच्या आधी वयानंच फुटतात.

तुम्ही बघायला जाल तेव्हा आधी फोनवरच सांगा, की कॅम्पर बंद ठेवा, मी स्वतः उघडणार. तो आधीच उभा दिसला तर समोर खाली घ्यायला लावा आणि हँडल तुम्ही फिरवून पुन्हा वर करा. सोबत स्क्रू ड्रायव्हर न्या. दाराच्या चौकटीपाशी, कोपऱ्यांत, पलंगाच्या खालच्या बाजूनं लाकडात टोचून बघा. ट्रेलरच्या खाली आडवे होऊन फरशीची उलटी बाजू बघा, तिथे कुणी सहसा रंग मारत नाही. ओलावा मोजायचं यंत्र कुणाकडून मिळालं तर न्याच. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल दिसली तर ते कुजायला लागलेलं असू शकतं. आत बसून खिडक्या बंद करा आणि उन्हाच्या दिशेला कॅनव्हास निरखा, बारीक भोकं चांदण्यांसारखी दिसतात.

आणि काम चालू असतानाचे फोटो मागा. ज्यानं खरंच फरशी उपसली त्याच्याकडे उघड्या सांगाड्याचा एक तरी फोटो असतो. हे मी या माणसाला विचारलंच नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, “फोन बदलला, सगळे गेले.” तिसऱ्या फोननंतर त्यानं उचलणंच बंद केलं. विक्रीच्या कागदावर ‘आहे त्या स्थितीत’ असं लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती, त्यामुळे पुढे काही करता आलं नाही.

फरशी आता मी नवी घातली आहे, चारही तारा बदलल्या आहेत. छताची एक कड अजून बाकी आहे. कुजलेल्या प्लायवूडचे आणि तुटलेल्या तारेचे फोटो मी तारखांसकट जपून ठेवलेत. हा कॅम्पर कधी विकला तर घेणाऱ्याला ते आधी दाखवीन.