आर्काइव्हवर कथा लिहिताना : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आर्काइव्ह ऑफ अवर ओन या, चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या संकेतस्थळावर आमंत्रणाच्या रांगेतून खाते कसे मिळते आणि जाहिराती न घेता ते देणग्यांवर कसे चालते, हे वाचकांना ठाऊक असणार, म्हणून त्यात शिरत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूला नावे ठेवू नयेत असे आमच्या घरचे वळण आहे. तरीही गेल्या आठवड्यात माझ्या कथांच्या आकडेवारीचे पान उघडल्यावर जी चिडचिड झाली, तिच्यामुळेच हे लिहायला बसले आहे.

मी शेरलॉक होम्सवर मराठीत फॅन फिक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर चाहत्याने रचलेल्या कथा, लिहिते. इथे दोनच कथांबद्दल सांगते. पहिली कथा लांबलचक, प्रकरणाप्रकरणाने दिलेली आणि बावला खून खटल्यावर बेतलेली. इंदूरचा दरबार सोडून गेलेली मुमताज बेगम, १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांच्या मोटारीवर झालेला हल्ला, गोल्फ खेळून परतताना नेमके तिथे पोचलेले इंग्रज लष्करी अधिकारी आणि चौकशीला सामोरे जाण्याऐवजी इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव यांनी १९२६ मध्ये सोडलेली गादी, एवढा ऐवज हाताशी असताना, मधमाश्या पाळत बसलेल्या म्हाताऱ्या होम्सला त्यात गुंतवण्याचे काम मी जीव ओतून केले. त्यासाठी इंदूरच्या खजुरी बाजारातून जुनी पुस्तके विकत आणली, आणि पुस्तकांवर सहजी पैसे सोडणाऱ्यांतली मी नाही.

दुसरी कथा मी एका बैठकीत खरडली. डॉक्टर वॉटसन रात्री इंदूरच्या सराफ्यात येतात. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरे खाली आलेली असतात आणि त्यांच्यासमोर खाण्याच्या गाड्या लागलेल्या असतात. वॉटसन भुट्ट्याच्या किसावरून गराडूकडे, म्हणजे तळलेल्या कंदाकडे, वळतात, गराडूवर जीरावण मसाला जरा जास्तच भुरभुरतात आणि ठसका लागून होम्सचा रुमाल मागतात. रहस्य म्हणाल तर बाहीवरच्या पाकाच्या डागाएवढे.

आता सांगायला नकोच. सराफ्याच्या कथेवर कुडोजचा (वाचकाने एक बटण दाबून द्यायच्या शाबासकीचा) पाऊस पडला, म्हणजे मराठी वाचक तिथे जितके आहेत त्या मानाने पाऊस. आणि बावला प्रकरणावर नुसता शिडकावा. वाचकांना कष्टांची किंमत नाही, असे मी तेव्हा सरळ ठरवून टाकले होते.

त्या मतात पुढे फरक पडला, आणि त्याला कुडोजची रचना कारणीभूत आहे. एका कथेला एका वाचकाला एकदाच कुडोज देता येतो. प्रकरणाप्रकरणाने येणाऱ्या कथेचा वाचक दर आठवड्याला परत आला की भेटींचा आकडा वाढत जातो, कुडोज मात्र पहिल्या प्रकरणाला दिला तोच एक. त्यामुळे भेटी आणि कुडोज यांचे गुणोत्तर लांब कथेत आपोआप घसरते, आणि जो वाचक सर्वांत निष्ठेने येतो तोच कथेला आकड्यांत नावडती ठरवतो. छोटी कथा एकदा वाचून, हसून, बटण दाबून संपते. शिवाय ते बटण दाबणाऱ्याला कथा आवडली की नुसता गराडू आठवला, हे कळायला मार्ग नाही. माझा सगळा राग या एका बटणावर आहे. बाकी वर्गीकरणाची खूणपत्रे (टॅग), शोध, मजकूर उतरवून घेण्याची सोय, सगळे चोख आहे.

अर्थात सगळा दोष बटणावर ढकलूनही भागत नाही. एका वाचकाने सराफ्याच्या कथेवर लिहिले की होम्स स्वतः काही खात नाही, पण वॉटसनचे खाणे संपेपर्यंत घाई न करता उभा राहतो, हे त्याला फार आवडले. ते वाक्य मी लिहिले होते खरे, पण केवळ होम्सला कुठेतरी उभे करायचे म्हणून. वाचक त्या दोघांना भेटायला आला होता. माझा खटल्याचा अभ्यास बघायला नव्हे. होम्सच्या जन्मदात्याचे तरी काय झाले? कॉनन डॉइलला आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या थोर वाटत होत्या, होम्स त्यांच्या आड येत होता म्हणून १८९३ मध्ये त्याने त्याला धबधब्यात ढकलले, आणि १९०३ मध्ये जिवंत करून परत आणावे लागले. लेखकाचा कौल आणि वाचकाचा कौल तेव्हापासूनच वेगळा आहे, मग आमची काय कथा.

मात्र बावला प्रकरणावर "होम्स फार उशिरा येतो" असा जो अभिप्राय आला आहे, तो मी अजून मान्य केलेला नाही. रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशीला दोन्ही कथा छापून दिल्या होत्या (छपाईचे पैसे गेले ते वेगळेच). ती म्हणाली, "सराफ्याची मजेदार आहे गं, पण त्या मोठ्या गोष्टीतली मुमताज रात्री झोपू देईना." हा अभिप्राय कुठल्याही रकान्यात बसत नाही.

सध्या कुडोजची ईपत्रे बंद करून ठेवली आहेत, अभिप्रायांची चालू आहेत. नव्याने येणाऱ्यांनी पसंतीच्या (प्रेफरन्सेस) पानावर जाऊन हे पहिल्याच दिवशी करावे. लांब कथा देणार असाल तर शेवटचे प्रकरण येईपर्यंत आकडेवारीच्या पानाकडे फिरकूही नका. सराफ्याच्या कथेचा दुसरा भाग मागणारे अभिप्राय येत आहेत. मी मात्र आधी बावलाच्या कथेचे राहिलेले प्रकरण पुरे करणार आहे.