लॅपटॉपवर गेमिंग : फुल एचडी स्क्रीन घ्यावी की जास्त रिझोल्यूशनची?

माझा भाचा सांगलीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि दिवसा आराखडे काढायचे ऑटोकॅड चालेल व रात्री गेम चालेल असा एक लॅपटॉप त्याला हवा होता. सांगली, मिरज आणि शेवटी कोल्हापूर इथली दुकाने पालथी घालून तो तीन लॅपटॉपवर येऊन अडला. पहिला १५.६ इंची, १९२० × १०८० म्हणजे फुल एचडी स्क्रीनचा (हे आडवे आणि उभे पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके; यालाच रिझोल्यूशन म्हणतात) आणि ६ जीबी मेमरीच्या एनव्हिडिया आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्डाचा. दुसरा १६ इंची, २५६० × १६०० स्क्रीनचा, ८ जीबीच्या आरटीएक्स ४०६० कार्डाचा, अंगाने जाडजूड. तिसरा १४ इंची, २८८० × १८०० ओलेड (प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशणाऱ्या) स्क्रीनचा, कार्ड पुन्हा ४०६०च, पण अंगाने इतका सडपातळ की पाहताक्षणी मन जडावे. स्क्रीन जितकी बारीक ठिपक्यांची तितका गेम देखणा, असा भाच्याचा समज होता, आणि जितकी बारीक तितका गेम रखडणार, असे त्याचा मित्र ठामपणे सांगत होता. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे होते.

आधी हिशेब मांडू. फुल एचडी स्क्रीनवर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात, २५६० × १६०० स्क्रीनवर ४० लाख ९६ हजार, आणि २८८० × १८०० स्क्रीनवर ५१ लाख ८४ हजार. ज्याला फोर-के म्हणतात त्या ३८४० × २१६० स्क्रीनवर ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल भरतात, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे गेमची एकामागून एक येणारी चित्रे, हव्या असतील, तर एक फ्रेम रंगवायला कार्डाला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि १४४ हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या, स्क्रीनचा पुरेपूर उपयोग करायचा असेल तर ७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. तेवढ्याच वेळात दुप्पट पिक्सेल रंगवायचे म्हटल्यावर फ्रेम कमी होणार, हे उघड आहे.

मात्र पिक्सेल दुप्पट झाले म्हणून फ्रेम निम्म्यावर येतातच असे नाही, कारण प्रत्येक फ्रेममागचे बरेचसे काम पिक्सेलच्या संख्येवर अवलंबून नसते. पात्रांच्या हालचालींचे गणित, शत्रूने कुठे वळायचे याचा निर्णय, कार्डाला द्यायच्या आज्ञांची जुळणी, ही कामे प्रोसेसर करतो आणि स्क्रीन कोणतीही असली तरी ती तेवढीच राहतात. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक गेममध्ये बहुतेक वेळा प्रोसेसरच आधी दमतो, त्यामुळे तिथे रिझोल्यूशन वाढवल्याचा फटका सौम्य असतो. सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावली दाखवण्याचे तंत्र) चालू केले की मात्र जवळजवळ सगळा भार कार्डावर येतो आणि प्रत्येक जादा पिक्सेलची किंमत मोजावी लागते. म्हणून घेणाऱ्याने दुकानदाराला काही विचारण्याआधी आपण नेमके काय खेळतो, हे स्वतःला विचारलेले बरे.

भाच्याच्या मित्राच्या म्हणण्यात दुसरी उणीव अशी की स्क्रीनचे रिझोल्यूशन आणि गेमचे रिझोल्यूशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो विसरत होता. स्क्रीन २५६० × १६०० असली तरी गेम त्याहून कमी पिक्सेलवर रंगवता येतो. पूर्वी असे केले की चित्र धूसर व्हायचे, आणि नुसता आकडा कमी केला तर आजही होते, कारण १९२० × १२०० चे चित्र २५६० × १६०० वर ताणताना प्रत्येक बाजूने एका पिक्सेलच्या वाट्याला सव्वा-दीड पिक्सेल येतो आणि कडा विरघळतात. फोर-के स्क्रीनला ही अडचण येत नाही, कारण तिथे फुल एचडीचा एक पिक्सेल चार पिक्सेलमध्ये चपखल बसवता येतो. फोर-केच्या बाजूने मला सापडलेला हा एकच धड मुद्दा आहे. १५-१६ इंची लॅपटॉपवर त्या घनतेचा गेमसाठी मला काही उपयोग दिसत नाही, म्हणून फोर-केचा विचार मी इथेच सोडतो.

खरा फरक पडला तो एनव्हिडियाच्या डीएलएसएस आणि एएमडीच्या एफएसआर या, कमी पिक्सेलवर रंगवलेले चित्र मोठे करण्याच्या तंत्रांमुळे. डीएलएसएसच्या ‘क्वालिटी’ पर्यायात गेम प्रत्येक बाजूने सुमारे दोन तृतीयांश आकारात रंगवला जातो आणि आधीच्या फ्रेममधील माहिती वापरून तो पूर्ण आकाराचा केला जातो. म्हणजे २५६० × १६०० स्क्रीनवर प्रत्यक्षात साधारण १७०७ × १०६७ पिक्सेल, अर्थात १८ लाखांच्या आसपास, रंगवले जातात. हा आकडा फुल एचडीच्या पूर्ण चित्रापेक्षाही कमी आहे, आणि तरी डोळ्यांना दिसणारे चित्र फुल एचडीपेक्षा स्पष्ट असते. आकार वाढवण्याचे कामही काही वेळ खाते, त्यामुळे दोन्हींचा वेग साधारण एकाच पातळीवर येतो. उलट फुल एचडी स्क्रीनवर हाच पर्याय निवडला तर गेम १२८० × ७२० वर रंगवला जातो, आणि एवढ्या तोकड्या माहितीतून दूरची झाडे, कुंपणाच्या जाळ्या आणि विजेच्या तारा लुकलुकू लागतात. थोडक्यात, ही तंत्रे जास्त रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर अधिक शोभतात. कार्ड तेच असेल, तर केवळ ‘गेम रखडेल’ या भीतीपोटी २५६० × १६०० नाकारण्याला आता फारसा आधार उरलेला नाही.

पण ‘कार्ड तेच असेल’ या अटीतच तिसऱ्या लॅपटॉपची मेख आहे. आरटीएक्स ४०६० हे नाव एकच असले तरी लॅपटॉपमध्ये ते ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेत बसवण्याची मुभा उत्पादकांना आहे. जाडजूड लॅपटॉपमध्ये ते भरपूर वीज घेऊन मोकळेपणाने धावते, तर सडपातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागाच नसल्यामुळे त्याचा लगाम आधीच आखडलेला असतो. आमच्या समोरच्या दोन लॅपटॉपवर एकाच कार्डाचे एकसारखे स्टिकर होते. त्यांच्या वॅटमध्ये जवळपास दुपटीचा फरक असल्याचे ना दुकानातल्या फलकावर लिहिलेले होते, ना विक्रेत्याला ठाऊक होते. तो बिचारा ‘सर, दोन्ही सेमच आहे’ असे पुन्हा पुन्हा सांगत राहिला. शेवटी आम्ही एनव्हिडियाचे कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये गेलो. तिथे कमाल ग्राफिक्स पॉवरचा आकडा स्पष्ट लिहिलेला असतो. दुकानात मांडलेल्या लॅपटॉपवर ही खात्री दोन मिनिटांत होते, आणि ती करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

तिसऱ्या लॅपटॉपचा पेच आता पुरता लक्षात येईल : सर्वांत जास्त पिक्सेल आणि त्यांना रंगवणारा हात सर्वांत आखडलेला. ओलेडचा गडद काळा रंग आणि हलत्या चित्राच्या मागे शेपूट न राहणे, या दोन गुणांना तोड नाही हे मी मान्य करतो. कॅमेऱ्यावर काम करणाऱ्याने किंवा अधूनमधूनच गेम खेळणाऱ्याने तो जरूर घ्यावा. रोज दोन तास अवजड गेम खेळणाऱ्याने मात्र त्याच्या रूपाला भुलू नये.

इथे सांगलीच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. बहुतेक परीक्षणे वातानुकूलित खोलीत होतात, आणि एप्रिलच्या दुपारी स्लॅबखालच्या खोलीत पारा ३८ अंशांवर गेला की त्याच लॅपटॉपचा स्वभाव पालटतो. पंखा बाहेरचीच हवा आत ओढतो, त्यामुळे खोली जितके अंश तापते जवळजवळ तितकेच अंश चिपचे तापमानही वर सरकते, आणि ठरावीक मर्यादा गाठली की कार्ड आपला वेग आपणच कमी करते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी हे पाहिले आहे. तो पलंगावर, थेट गादीवर ठेवून भाचा खेळत होता. पाच-सात मिनिटे सगळे सुरळीत चालले, मग पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा चढला आणि चित्र अडखळू लागले. लॅपटॉप उचलून टेबलावर ठेवला, मागच्या बाजूला दोन जाड वह्या सरकवून तो बोटभर वर उचलला, आणि थोड्याच वेळात अडखळणे थांबले. जास्त रिझोल्यूशन म्हणजे कार्डावर सततचा जास्त भार, आणि सततचा भार म्हणजे उष्णता. म्हणून आपल्या हवेत जाडजूड शरीर हा दोष न मानता गुण मानावा.

विजेचेही तेच. आमच्याकडे इन्व्हर्टरची लाइन दिवे आणि पंखे यांनाच दिलेली आहे, आणि लॅपटॉपचा दोनशेच्या वर वॅटचा अडॅप्टर ज्या सॉकेटला लावतो ते सॉकेट तिच्यावर नाही. वीज गेली की लॅपटॉप बंद पडत नाही, पण बॅटरी तेवढी शक्ती पुरवू शकत नसल्यामुळे कार्ड एकदम मंदावते. विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी सहसा १०० वॅट-अवरच्या पुढे जात नाही. शंभर वॅट खाणारे कार्ड तिच्यावर तासभरही नीट चालणार नाही, हे साधे गणित आहे. या बाबतीत तिन्ही लॅपटॉप सारखेच निरुपयोगी, म्हणून निवडीत मी हा मुद्दा धरला नाही.

मेमरीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. स्क्रीन मोठ्या रिझोल्यूशनची आहे म्हणून ग्राफिक्स मेमरी भरून जाते, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात ४० लाख ९६ हजार पिक्सेलचे एक चित्र, पिक्सेलमागे चार बाइट धरले, तर साधारण १६ एमबी जागा घेते, आणि अशी अनेक चित्रे एकाच वेळी लागली तरी हिशेब काही शे एमबीपर्यंतच जातो. मेमरी खरोखर खातात ती टेक्स्चर, म्हणजे भिंती, कपडे, चेहरे यांची पृष्ठचित्रे. तरीही ६ जीबीचे कार्ड आणि २५६० × १६०० स्क्रीन अशी जोडी कोणी देऊ केली तर मी ती घेणार नाही, कारण आजच्या मोठ्या गेममध्ये ६ जीबी फुल एचडीवरच काठोकाठ भरते. काठावरच्या भांड्यात आणखी ओतले की गेम थांबून थांबून चालतो, आणि सरासरी फ्रेमचा आकडा चांगला दिसत असूनही खेळण्याची मजा जाते.

पहिल्या लॅपटॉपला मी अजून न्याय दिलेला नाही. ४०५० कार्डाला फुल एचडी स्क्रीन अगदी साजेशी आहे, आणि वाचलेल्या पैशांत रॅमची दुसरी पट्टी टाकता येते. एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरवर अवलंबून असलेले गेम जाणवण्याइतके सुधारतात. घरी टेबलावर वेगळा मॉनिटर जोडून खेळणाऱ्याला तर लॅपटॉपच्या स्क्रीनचे रिझोल्यूशन गौणच आहे. आणि स्पर्धात्मक नेमबाजीचे गेम खेळणाऱ्यांपैकी कित्येक पट्टीचे खेळाडू मुद्दाम १२८० × ९६० एवढ्या कमी रिझोल्यूशनवर खेळतात. त्यांच्यासमोर २५६० × १६०० चे गुणगान गाण्यात अर्थ नाही.

अडचण आहे ती स्क्रीनच्या दर्जाची. स्वस्त फुल एचडी गेमिंग लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा ४५ टक्के एनटीएससी (रंगांच्या आवाक्याचे माप) आणि २५० निट (उजेडाचे माप) अशी स्क्रीन बसवलेली असते. तिच्यावर लाल रंग विटकरी दिसतो आणि खिडकीशेजारी बसले की स्वतःचाच चेहरा जास्त दिसतो. २५६० × १६०० स्क्रीन मात्र सहसा शंभर टक्के एसआरजीबी (संगणकाच्या स्क्रीनसाठीचा रंगांचा प्रमाण आवाका) रंगांची आणि अधिक उजळ असते. दोन लॅपटॉप शेजारी ठेवले की माणसे ‘रिझोल्यूशनचा किती फरक आहे पाहा’ म्हणतात, तेव्हा त्यांना भावलेला निम्मा फरक रंगांचा आणि उजेडाचा असतो. फुल एचडीच घ्यायची असेल तर शंभर टक्के एसआरजीबीची आवृत्ती मागावी. ती मिळते, पण विचारल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

गेम बाजूला ठेवला तरी मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यासाठी बारीक ठिपक्यांचा फायदा मोठा आहे. १५.६ इंची फुल एचडीवर इंचाला १४१ पिक्सेल येतात, १६ इंची २५६० × १६०० वर १८९. म्हणजे त्याच आकाराच्या अक्षराला आडवे आणि उभे दोन्हीकडे एक तृतीयांश जादा ठिपके मिळतात. रोमन लिपीत हा फरक खपून जातो, देवनागरीत नाही. ‘उद्ध्वस्त’ हा शब्द बारीक अक्षरात दोन्हींवर लिहून आम्ही पाहिला. पहिल्यावर द, ध आणि व यांची गाठ होऊन एक काळा ठिपका उरला होता, तर दुसऱ्यावर तिन्ही अवयव वेगळे दिसत होते. ऑटोकॅडमधल्या बारीक रेघांचेही तसेच.

तेव्हा क्रम माझ्या मते असा : आधी कार्डाची मेमरी आणि वॅट, मग स्क्रीनचे रंग, आणि त्यानंतर रिझोल्यूशन. गेममधले रिझोल्यूशन उद्या कमी करता येईल, पण विकत घेतलेल्या कार्डाला जास्त वॅट देता येणार नाहीत. ८ जीबीचे, शंभराच्या आसपास वॅट घेणारे कार्ड बजेटमध्ये बसत असेल तर २५६० × १६०० निःशंकपणे घ्यावे. बसत नसेल तर चांगल्या रंगांची फुल एचडी घ्यावी, मधले काही शोधू नये.

भाच्याने अखेर दुसरा घेतला. अडीच किलोच्या आसपास वजन आणि विटेएवढा अडॅप्टर पाठीवर टाकून कॉलेजला जाताना तो रोज कुरकुरतो, आणि खोलीत टेबल आता खिडकीपासून हलवून पंख्याखाली आणले आहे.