न आकसणाऱ्या कापडाच्या टीमची आकसलेली जर्सी: धोबी तलावच्या दुकानाचा रिव्ह्यू

दुकानाचं नाव लिहीत नाहीये, कारण तक्रार आहे आणि दुकानदार काका माणूस चांगलाय. धोबी तलावला स्पोर्ट्सच्या दुकानांची जी रांग आहे ना त्यातलंच एक, बाहेर कॅरमबोर्ड आणि क्रिकेटच्या बॅगा लटकवलेल्या, आत पोटमाळ्यावर प्रिंटिंग. कस्टम जर्सी करून देतात. पाचपैकी तीन स्टार. का ते सांगतो, पण त्यासाठी थोडं मनिलाला जावं लागेल.

माझा मावसभाऊ मर्चंट नेव्हीत. जहाजावर निम्मा क्रू फिलिपिनो, आणि त्या लोकांना बास्केटबॉलचं वेड म्हणजे आपल्याकडे क्रिकेटचं आहे तसंच, डेकवर पण रिंग लावून खेळतात. तर त्यांच्या नादाने दादाला पीबीएचं व्यसन लागलं, फिलिपीन बास्केटबॉल असोसिएशन, १९७५ ला सुरू झालेली, आशियातली पहिली प्रोफेशनल बास्केटबॉल लीग. त्याने मला लावलं. टायमिंग पण सोयीचं, मनिला आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तिकडची साडेसातची मॅच म्हणजे इकडे पाच, मी ऑफिसातून निघून लोकलमध्ये उभा राहून बघतो. दादाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला काय द्यायचं तर ठरवलं की दोन रेट्रो जर्सी करायच्या, एक क्रिस्पाची त्याला, एक टोयोटाची मला.

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खुन्नसवाली जोडी. टोयोटा म्हणजे तिकडे गाड्या जुळवणाऱ्या डेल्टा मोटर्सची टीम, मालक सिल्वेरियो. क्रिस्पा म्हणजे टीशर्ट-बनियन बनवणाऱ्या फ्लोरो कुटुंबाची. एक गाडीवाला, एक बनियनवाला, आणि अख्खा देश दोन भागात. क्रिस्पाने १३ टायटल घेतली, टोयोटाने ९. १९७७ मध्ये तर मॅचनंतर अशी हाणामारी झाली की दोन्ही टीमचे प्लेयर उचलून फोर्ट बोनिफासियोत, म्हणजे लष्कराच्या तळावर, रात्रभर डांबले, हुकूमशहा मार्कोसचा मार्शल लॉ होता तेव्हा. टोयोटाचा यावोर्स्की, ७ नंबर, पुढे सिनेटर झाला, तोही त्याच भानगडीत आत होता.

तर मी फोटो घेऊन काकांकडे गेलो. काका म्हणाले पॉलिस्टरमध्ये करा, सब्लिमेशन करून देतो, दोन दिवसात. मी म्हटलं नाही काका, सत्तरच्या दशकातली जर्सी आहे, कॉटन होजिअरीच पाहिजे, चकचकीत नको. ६५० रुपयाला एक, दोघांचे १३००, अर्धे आगाऊ. मग त्यांनी वही काढली आणि विचारलं, "टीम कुठल्या गावची? खाली गावाचं नाव टाकायचं ना?"

आता इथे मी पाऊण तास अडकलो. कारण पीबीएत टीमला गाव नसतं! मुंबई नाही, पुणे नाही, काहीच नाही. टीमचं नाव म्हणजे कंपनीचं किंवा थेट प्रॉडक्टचं नाव. बिअरची टीम आहे, जिनची आहे, मोबाईल सिमची आहे, वीज कंपनीची आहे, टोलरोडची आहे, रंगाची आहे. काकांना पटेना. मग मी म्हटलं, कबड्डीतली महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम आठवा, व्यावसायिक गटातल्या टीम. तेव्हा त्यांची ट्यूब पेटली. म्हणाले, "हां म्हणजे नोकरीवाल्यांच्या." मी म्हटलं तसंच, फक्त इथे स्टेडियम भरतं आणि लोक कंपनीच्या नावाने रडतात.

मग काका खुर्ची ओढून बसले आणि विचारायला लागले की मग आता कोण कोण आहेत. सांगितलं. आत्ताची खुन्नस दोन घराण्यांची. एकीकडे सॅन मिगेल कॉर्पोरेशन, रामोन आंग त्यांचा मुख्य माणूस, त्यांच्या तीन टीम: सॅन मिगेल बीअरमेन, बारांगाय हिनेब्रा आणि मॅग्नोलिया. दुसरीकडे मॅनी पांगिलिनान, ज्याला सगळे नुसतं एमव्हीपी म्हणतात (बास्केटबॉलमध्ये सर्वोत्तम प्लेयरच्या किताबाला एमव्हीपी म्हणतात, आणि इथे मालकाची आद्याक्षरंच एमव्हीपी, नशीब असावं तर असं), त्याच्या पण तीन: टीएनटी, मेरालको, एनलेक्स. लीगमध्ये टीम बारा. म्हणजे निम्म्या टीम दोन गटांच्या. काका म्हणाले, "म्हणजे अंबानीच्या तीन आणि अदानीच्या तीन?" मी म्हटलं काका बरोब्बर, आणि वर प्रत्येक टीमचा एक माणूस लीगच्या बोर्डावर.

आणि कोर्टच्या बाहेर पण तेच. एनलेक्स हा एमव्हीपीच्या ग्रुपचा टोलरोड, मनिलाच्या उत्तरेला जाणारा. दक्षिणेकडचा एसलेक्स आणि वरचा स्कायवे सॅन मिगेलचा. उत्तर आणि दक्षिण जोडायचा रस्ता दोघांनी आपापला वेगळा काढला. म्हणजे मॅच बघायला जाताना टोल एकाचा, आत गेल्यावर बिअर दुसऱ्याची. मला हे फार आवडतं, का माहीत नाही. आपल्याकडे सी लिंकवर टोल भरताना कुणी असा विचार करत नाही.

एका मालकाच्या तीन टीम म्हणजे झोल होणार असं काकांनी लगेच ओळखलं, धंदेवाला माणूस आहे. मी त्यांना २०१७ चा किस्सा सांगितला. त्या वर्षी ड्राफ्टचा, म्हणजे नवे प्लेयर आळीपाळीने निवडायचा, पहिला नंबर किआच्या टीमकडे होता. किआ काही सॅन मिगेलची नाही, पण त्यांनी तो पहिला नंबर सॅन मिगेललाच देऊन टाकला, बदल्यात तीन साधे प्लेयर आणि पुढच्या एका ड्राफ्टमधला नंबर, आणि सॅन मिगेलने उंचापुरा श्टांडहार्डिंगर घेतला. कमिशनरने, म्हणजे लीगच्या प्रमुखाने, ट्रेड मंजूर केला आणि बोर्ड उभं फाटलं, एमव्हीपीच्या टीमसकट सात टीमनी सांगितलं आमचा या माणसावर विश्वास नाही. शेवटी कमिशनरला जावं लागलं. काका म्हणाले, "आमच्या मार्केट असोसिएशनमध्ये पण असंच होतं." हा माणूस मला तिथेच आवडला, खरं सांगतो.

पण खरी मजा मेरालकोची. वीज कंपनी, आपल्या बेस्ट किंवा टाटा पॉवरसारखी समजा. २०१० ला लीगमध्ये आली. चार वेळा गव्हर्नर्स कपच्या (लीगचाच एक कप) फायनलला गेली, २०१६, २०१७, २०१९, २०२१, आणि चारही वेळा हरली ती हिनेब्राकडूनच, म्हणजे सॅन मिगेलच्याच जिनच्या टीमकडून. मग २०२४ ची फिलिपीन कप (लीगचाच दुसरा कप) फायनल, यावेळी समोर बीअरमेन. सहाव्या मॅचला शेवटच्या क्षणांत सॅन मिगेलच्या धिप्पाड फाहार्दोने थ्री, म्हणजे तीन पॉइंटचा लांबचा शॉट, मारून स्कोअर सारखा केला, मी तेव्हा दादर स्टेशनच्या ब्रिजवर, मागून लोक शिव्या देतायत, आणि १.३ सेकंद उरलेले असताना मेरालकोच्या न्यूसमने शॉट टाकला. ८०-७८. चौदा वर्षांत पहिलं टायटल. ब्रिजवर मी एकटाच ओरडलो.

आता गंमत बघा, त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे फायनलच्या तीन महिने आधी, मेरालकोची वीज बनवणारी कंपनी, आबोईतीझ या तिसऱ्याच ग्रुपची वीज कंपनी आणि सॅन मिगेलची वीज कंपनी यांनी मिळून ३.३ अब्ज डॉलरचा गॅसचा करार जाहीर केला होता. बातांगासला. एकत्र. म्हणजे इकडे आपण कोणाच्या बाजूने जीव टाकायचा ते ठरवतोय आणि वर ऑफिसात दोघांची सह्यांची शाई वाळतेय. दादाला हे पाठवलं तर तो बोलला, "मालक भांडतात ते मार्केटसाठी, प्रेक्षक भांडतो तो खरंच." मला ते पूर्ण पटत नाही. मालकाला पण जिंकायचंच असतं, नाहीतर चौदा वर्षं कोण पैसे ओततं. फक्त त्याला दोन्हीकडे जिंकायची सोय असते, आपल्याला नसते.

असो, जर्सीवर येतो.

सांगितलेल्या दिवसाच्या दोन दिवस उशिरा मिळाल्या, फोन करून मीच विचारलं. शिलाई मस्त, गळ्याची पट्टी एकदम टाइट, काखेत ओव्हरलॉक नीट. नंबर स्क्रीन प्रिंटचे, विनाइल नाही, हे काकांनी स्वतःहून केलं आणि त्यासाठी एक स्टार जास्त. टोयोटाच्या जर्सीवर मात्र त्यांच्या पोराने नेटवरून तो आत्ताचा तीन लंबवर्तुळांचा लोगो काढून छातीवर छापला. तो लोगो आला १९८९ ला, आणि टीम १९८४ लाच बंद पडली, डेल्टा मोटर्स कर्जात बुडाली म्हणून. मालकाचा धंदा गेला की टीम गेली, गावच नाही तर राहणार कुठे. क्रिस्पाही त्याच वर्षाच्या शेवटी गेली. हे सगळं काउंटरवर समजावलं, पोराने ऐकून घेतलं, तोंड पाडलं, पण दुसऱ्या दिवशी नवीन छापून दिली. फुकट.

खरा राडा धुतल्यावर झाला. दादाची क्रिस्पाची जर्सी साइज ४२. माझ्या बायकोने साध्या गार पाण्यात, हाताने धुतली, उन्हातही नाही टाकली, बाल्कनीत सावलीत वाळवली. वाळल्यावर दादाने घातली आणि पोट उघडं. लांबीत दीड इंच गायब, मोजपट्टीने मोजलंय. आणि यातली खरी चेष्टा अशी की क्रिस्पाच्या टीमचं पूर्ण नाव होतं क्रिस्पा रेडमनायझर्स. रेडमनायझिंग म्हणजे कापड आधीच आकसवून घ्यायची प्रोसेस, म्हणजे धुतल्यावर ते आकसत नाही. हीच त्यांच्या बनियनची जाहिरात, आणि तेच टीमचं नाव. अख्खी टीम 'आमचं कापड आकसत नाही' एवढं सांगायला पीबीएत दहा वर्षं पळत होती आणि तिच्याच नावाची जर्सी माझ्या बाल्कनीत आकसली.

घेऊन गेलो परत. काकांनी बोटात धरून ताणून बघितली आणि म्हणाले, "तुम्ही कॉटन मागितलंत, मी पॉलिस्टर सांगत होतो." हे खरंय. पण कापड प्री-श्रंक, म्हणजे आधीच आकसवलेलं, नाहीये हे आधी सांगायला हवं होतं की नाही? मी एवढा त्या कापडाचा इतिहास सांगत बसलो होतो त्यांच्यासमोर! ते हसले, मग म्हणाले बायोवॉश केलेलं कापड आहे, जीएसएम जरा जास्त, म्हणजे जाड, ते वापरून निम्म्या दरात नवीन करून देतो. करून दिली. तीन वेळा धुतली, जागची हलली नाही. जुनी आता दादाच्या पोराला, तो बारावीत, तिला 'क्रॉप' म्हणतो आणि कॉलेजला घालून जातो.

तर कॉटन पाहिजे असेल तर तोंडाने 'प्री-श्रंक' म्हणा आणि बिलावर लिहून घ्या, जुना लोगो असेल तर स्वतः प्रिंट काढून न्या, आणि तारखेत दोन दिवस मिळवून धरा. शनिवारी दुपारी जाऊ नका, शाळांच्या ऑर्डरची गर्दी असते. जीपे चालतं. मेरालकोच्या जर्सीची ऑर्डर मी परवा दिलीये, काकांनी यावेळी गाव विचारलं नाही, फक्त म्हणाले, "वीजवाले ना? एक साइज मोठी घेऊ या."