भीम अ‍ॅप: बरेच महिने रोज वापरल्यानंतर

दूध, रिक्षा, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं गेले कित्येक महिने भीमवरूनच भरतोय. अ‍ॅप चांगलं आहे, मराठीत चालतं. आईला यूपीआय सर्कलमध्ये जोडून घेतलंय. ती भाजीवाल्याकडे स्कॅन करते, मला विनंती येते, मी पिन टाकला की माझ्या खात्यातून पैसे जातात. ही सोय मला फार मोलाची वाटते.

गंमत म्हणजे त्या गाडीवरचं क्यूआर स्टिकर एका कंपनीचं, अ‍ॅप दुसऱ्याचं, बँक तिसरीच. तरी स्पीकर लगेच रक्कम बोलून दाखवतो. व्हॉट्सअ‍ॅप सोडवत नाही, कारण सगळे तिथेच असतात. यूपीआयमध्ये ती अडचणच नाही, कुठल्याही अ‍ॅपवरून कुणालाही पैसे जातात. मग फोनपे आणि गूगल पे या दोघांकडेच मिळून ८० टक्क्यांच्या आसपास व्यवहार का?

सुरुवातीच्या वर्षांत कॅशबॅक आणि स्क्रॅच कार्डांवर पाण्यासारखा पैसा ओतला गेला, दुकानोदुकानी स्टिकर लावणारी पोरं फिरली. तेव्हा लागलेली सवय टिकली. पण मला खरं कारण वेगळंच वाटतं. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क, शून्य आहे. अशा व्यवहारामागे दुकानदाराकडून काहीच मिळत नाही. अशा धंद्यात वर्षानुवर्षं तोटा सोसून पुढे कर्ज, विमा विकून कमावणाराच तग धरतो. छोट्या कंपनीने काय खाऊन टिकायचं?

यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने २०२० मध्येच एका अ‍ॅपकडे एकूण व्यवहारांच्या जास्तीत जास्त ३० टक्के व्यवहार असावेत, अशी मर्यादा जाहीर केली. मोठ्यांना त्या मर्यादेत येण्यासाठी दिलेली मुदत आधी २०२४ अखेरपर्यंत, मग २०२६ अखेरपर्यंत वाढली. मला याची मनापासून काळजी वाटते. दोघांपैकी एकाची यंत्रणा तासभर बसली तर बाजारातल्या किती लोकांचे हात बांधले जातील! नुसत्या मर्यादेने भागणार नाही. मोठ्या दुकानांवर तरी थोडा एमडीआर हवा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याला उभं राहता येईल.

भीम जरूर घ्या, निदान जोडीला तरी ठेवा. फक्त जुन्या अ‍ॅपवरचे ऑटोपे, म्हणजे ठरलेल्या तारखेला आपोआप कापले जाणारे हप्ते, आधी तपासा. ओटीटी, एसआयपी, विम्याचा हप्ता यांतलं काहीही आपोआप इकडे येत नाही.