लपाछपी की छोरी? एकच बघायचा असेल तर

गोष्ट तीच आणि दिग्दर्शकही तोच. विशाल फुरियाने २०१७ मध्ये मराठीत 'लपाछपी' हा भयपट केला आणि २०२१ मध्ये तोच हिंदीत 'छोरी' नावाने पुन्हा केला. पैशांच्या तगाद्यातून पळालेलं जोडपं, आठ महिन्यांची गर्भार बायको, ड्रायव्हरच्या ओळखीने मिळालेला उसातल्या घराचा आसरा आणि त्या घरातली एक बाई. याहून जास्त कुणाकडून ऐकू नका. एक पाहिला की दुसऱ्यातली निम्मी भीती गेलीच म्हणून समजा, त्यामुळे आधी कुठला पाहायचा हे ठरवायलाच हवं.

मी म्हणेन, लपाछपी. मुख्य कारण उषा नाईक. त्यांची तुळसाबाई पोटुशा पोरीची काळजी घेते ती आपल्याकडच्या कुठल्याही थोरल्या जावेसारखी, मावससासूसारखी. तिच्या बोलण्यातली माया आणि हुकूम वेगळे काढता येत नाहीत. माझी आई सोबत बघत होती. पंधराव्या मिनिटाला म्हणाली, "बाई चांगली आहे गं," आणि नंतर बराच वेळ काही बोललीच नाही. छोरीत मीता वशिष्ठ यांची भन्नो देवी जबरदस्त आहे, पण तिच्याकडे बघताक्षणी आपण सावध होतो.

ऊस दोन्हीकडे आहे. फडात शिरलेल्याला माहीत असतं, पात हाताला कापतं, पाचट पायाखाली वाजतं आणि दोन सऱ्यांपलीकडचं माणूस दिसत नाही. छोरीत हा फड जास्त देखणा दिसतो, वरून टिपलेला तर थेट भूलभुलैयाच. आवाजाचं कामही सरस, हेडफोन लावून बघा. छोरीतल्या साक्षीसाठी नुसरत भरुचाने मेहनत घेतली आहे. लपाछपीतली नेहा, म्हणजे पूजा सावंत, मला जास्त खरी वाटली, बस्स. लपाछपीत पहिला तास रेंगाळतो हे मात्र कबूल. आणि शेवटी भाषण ठोकायचा मोह दोघांनाही आवरलेला नाही.

मला खरं खटकलं ते वेगळंच. विषय आहे मुली मारण्याचा. छोरीत माणसं उत्तरेकडच्या बोलीत बोलतात, आणि आपण मराठी प्रेक्षक नकळत सैल होऊन बसतो, तिकडे असतंच हो असं. आता २०११ च्या जनगणनेतले सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे आकडे बघा. हरियाणात दर हजार मुलग्यांमागे ८३४ मुली, तर आपल्या बीडमध्ये ८०७. म्हणजे ज्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तोच जिल्हा. लपाछपीतली माणसं आपल्याच भाषेत बोलतात, त्यामुळे 'तिकडे' म्हणून सुटता येत नाही.

छोरी आधी घ्यावा असं एकच कारण दिसतं. २०२५ मध्ये आलेला 'छोरी २', ज्यात सोहा अली खानही आहे, तो याच साक्षीची गोष्ट पुढे नेतो. तो बघायचा असेल तर पहिला भाग हिंदीतलाच बघा, नाहीतर नेहा आणि साक्षीचा घोळ होईल.

घरात कुणी गरोदर असेल तर तूर्त दोन्ही राहू द्या.